घरगुती जनित्राच्या कॉइलचा रोध अचूक कसा मोजावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहरात वारा बेताचाच असतो. पण मुळशी, भोर किंवा पुरंदरकडे शेतघर असणारे काहीजण सुट्टीच्या दिवसांत स्वतः पवनचक्कीचे छोटे जनित्र बांधायला घेतात. चुंबके येतात, साचा तयार होतो, कॉइली गुंडाळल्या जातात, आणि मग मल्टिमीटर लावल्यावर दिसणारा रोधाचा (प्रवाहाला तारेच्या होणाऱ्या अडथळ्याचा) आकडा हिशेबाशी जुळत नाही. पुढील उत्तरे या टप्प्यावर अडलेल्यांसाठी आहेत. सोयीसाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे. जनित्र चकतीच्या आकाराचे, लोखंडी गाभा नसलेले आणि तीन फेजचे आहे. त्यात एकूण नऊ कॉइली आहेत. प्रत्येक कॉइलमध्ये १८ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचे माप) तांब्याच्या एनॅमल तारेचे, म्हणजे पातळ विद्युतरोधक थर दिलेल्या तारेचे, ८० वेढे असून एका वेढ्याची सरासरी लांबी ३० सेंटिमीटर आहे.

कॉइलचा रोध इतक्या बारकाईने मोजण्याची गरजच काय? जनित्र फिरले आणि दिवा लागला, की झाले नाही का?

दिवा लागतो हे खरे, परंतु तारेत किती वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, हे दिव्याकडे पाहून कळत नाही. उदाहरणातल्या जनित्रात तीन कॉइली एकसरीत जोडून एक फेज होते आणि तिचा रोध साधारण १.१ ओहम भरतो. स्टार जोडणी (तिन्ही फेजांचे एकेक टोक एकत्र जोडणे) करून पुढे रेक्टिफायर (प्रत्यावर्ती प्रवाहाचा थेट प्रवाह करणारा भाग) लावला, तर कोणत्याही क्षणी दोन फेजांमधून प्रवाह जातो. बॅटरी ४८ व्होल्टची असेल आणि तिला ५ अँपिअर मिळत असतील, तर बॅटरीत सुमारे २४० वॅट जातात व कॉइलींमध्ये ५५ वॅटच्या आसपास जळतात. प्रवाह दुप्पट झाला की बॅटरीतली शक्ती दुप्पट होते, पण कॉइलींमधला नाश चौपट होऊन २२० वॅटवर पोहोचतो. हा हिशेब ज्या रोधावर उभा आहे तोच चुकीचा असेल, तर तारेचा गेज, पात्यांचा आकार आणि बॅटरीचे व्होल्टेज हे सगळे निर्णय अंदाजाने होतात.

माझ्या मते याहूनही महत्त्वाचे दुसरे एक कारण आहे. नऊ कॉइली एकसारख्या झाल्या आहेत की नाहीत, हे त्या कायमच्या घट्ट बसवणारे रेझिन ओतण्यापूर्वी तपासण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग रोध हाच आहे. रेझिन ओतल्यावर चूक सापडली, तर स्टेटर, म्हणजे कॉइलींची न फिरणारी चकती, फोडावा लागतो.

माझा मल्टिमीटर ०.७ ओहम दाखवतो. हा आकडा खरा मानावा का?

मानू नये. बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या डिजिटल मीटरची सर्वांत खालची ओहमची पट्टी २०० ओहमची असते आणि तिच्यावरचा सर्वांत लहान टप्पा ०.१ ओहमचा असतो. उदाहरणातल्या कॉइलचा खरा रोध ०.३५ ते ०.३८ ओहम आहे. दुधाचा काटा घेऊन सोने तोलण्यातलाच हा प्रकार आहे. त्यातच मीटरच्या दोन दोऱ्यांचा आणि टोकांच्या स्पर्शाचा रोध ०.२ ते ०.५ ओहम असू शकतो, म्हणजे तो कॉइलच्या रोधाइतकाच आहे आणि बोटाचा दाब बदलला की तोही बदलतो.

दोन टोके एकमेकांना टेकवून आलेला आकडा वजा करण्याची युक्ती सर्वांना माहीत असते. काही मीटरांवर त्यासाठी वेगळे बटणही असते. तिने दोऱ्यांचा रोध निघून जातो, पण स्पर्शाचा रोध दर वेळी वेगळा असल्यामुळे तो शिल्लक राहतो. शिवाय ०.१ ओहमचा टप्पा तसाच राहतो. या कॉइलच्या एका वेढ्याचा रोध साधारण ४.४ मिलिओहम आहे, म्हणजे मीटरचा एक टप्पा बावीस वेढ्यांइतका झाला. बावीस वेढे कमी पडले तरी ज्याला कळणार नाही, त्या आकड्यावरून कॉइलची परीक्षा करणे व्यर्थ आहे.

मोजण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवे, हे कसे काढावे?

प्रमाणित तांब्याची वाहकता १९१३ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरली आणि तिचे रूप लक्षात ठेवायला फार सोपे आहे : २० अंश सेल्सिअस तापमानाला एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध १/५८ ओहम असतो. म्हणून तारेची लांबी मीटरमध्ये घ्यावी आणि तिला ५८ गुणिले छेदाचे क्षेत्रफळ या संख्येने भागावे.

१८ गेज म्हणजे १.२१९ मि.मी. व्यास, म्हणजे १.१६७ चौरस मि.मी. क्षेत्रफळ. ८० वेढे गुणिले ०.३० मीटर म्हणजे २४ मीटर तार. २४ ला ५८ × १.१६७ ने भागले की ०.३५५ ओहम येतात. व्यास मायक्रोमीटरने मोजायचा असेल तर एनॅमल काढून मोजावा, कारण एनॅमलची जाडी धरली गेली तर क्षेत्रफळ फुगते आणि हिशेबातला रोध उगाच कमी येतो.

परदेशी आराखड्यात १८ गेज लिहिले होते, तीच तार आणली, तरीही रोध जुळत नाही. असे का?

आपल्याकडच्या दुकानात गेज म्हटले की ब्रिटिश प्रमाण गेज समजला जातो, तर अमेरिकी आराखड्यातला गेज वेगळा असतो. ब्रिटिश १८ गेजचा व्यास १.२१९ मि.मी. आहे आणि अमेरिकी १८ गेजचा १.०२४ मि.मी. क्षेत्रफळात हा फरक चाळीस टक्क्यांहून अधिक पडतो. दुकानात गेजऐवजी मिलिमीटर सांगावेत, हे उत्तम.

चार तारांची पद्धत म्हणजे नेमके काय?

दोन तारांनी कॉइलमधून प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या दोन तारांनी कॉइलच्या टोकांमधले व्होल्टेज मोजायचे, एवढेच तिचे तत्त्व आहे. प्रवाह वाहून नेणाऱ्या तारांमध्ये आणि त्यांच्या चिमट्यांच्या स्पर्शामध्ये व्होल्टेज पडतेच, पण ते मोजणाऱ्या तारांच्या बाहेर राहते. मोजणाऱ्या तारांमधून जवळजवळ प्रवाहच जात नाही, कारण व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त असतो. त्यामुळे त्या तारा लांब असोत, बारीक असोत किंवा गंजक्या असोत, उत्तरावर फरक पडत नाही.

बारावीच्या प्रयोगवहीतला मीटर सेतू ज्यांना आठवत असेल, त्यांना हा विचार ओळखीचा वाटेल. सेतूची कल्पना सॅम्युएल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकप्रिय केली. मात्र एक ओहमच्या खालच्या रोधांना जोडतारांचा रोध त्या सेतूतही नडतो. त्यावर उपाय म्हणून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला दुहेरी सेतू रचला. त्यांच्या नावावरूनच आजही चार तारांच्या जोडणीला केल्विन जोडणी म्हणतात.

ही मांडणी घरी, कमीत कमी सामानात कशी करावी?

पुढे दिलेल्या मांडणीत प्रवाह किती आहे हे अचूक माहीत असण्याची गरज नाही, आणि मीटर महागाचा असण्याचीही गरज नाही. माहीत असलेला एक रेझिस्टर आणि मोजायची कॉइल या दोहोंमधून एकच प्रवाह सोडायचा, दोघांवरचे व्होल्टेज एकाच मीटरच्या एकाच पट्टीवर वाचायचे आणि त्यांचे गुणोत्तर काढायचे. मीटर सगळीकडे दोन टक्के जास्त दाखवत असेल, तर तो दोन्हीकडे जास्त दाखवेल आणि भागाकारात ती चूक निघून जाईल. ओहमचा आकडा मीटरवर वाचायचाच नाही, तो दोन व्होल्टेजांवरून काढायचा, हे या सगळ्या प्रश्नोत्तरांतले मुख्य सांगणे आहे.

सामान असे लागते. इन्व्हर्टरची नव्हे, तर संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची लहान बॅटरी. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा दिवा. आणि १० ओहमचे, एक टक्का अचूकतेचे, पाव वॅटचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर. हे दहा रेझिस्टर समांतर जोडले की एक ओहमचा, अडीच वॅट झेपणारा संदर्भ रेझिस्टर तयार होतो. पांढऱ्या सिमेंटच्या आवरणातला एक ओहमचा तयार रेझिस्टर दुकानात मिळतो, पण तो बहुधा पाच टक्के अचूकतेचा असतो. शिवाय दहांची सरासरी पडल्यामुळे प्रत्येकाची छोटी चूक एकमेकांत बरीचशी जिरते. दिवा कशासाठी, असे विचारले जाते. तो प्रवाहाला लगाम घालतो. दिव्याशिवाय कॉइल थेट बॅटरीला जोडली, तर तीस अँपिअरहून जास्त प्रवाह वाहू शकतो, आणि त्यात चिमटे वितळतात, बोटे भाजतात.

बॅटरी, दिवा, संदर्भ रेझिस्टर आणि कॉइल एकामागोमाग एक अशी एकसरीत जोडावीत. दिवा पेटला की मिनिटभर थांबावे, कारण तंतू तापेपर्यंत प्रवाह स्थिरावत नाही. आता मीटर २००० मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवून आधी संदर्भ रेझिस्टरवरचे व्होल्टेज वाचावे, मग कॉइलवरचे, आणि पुन्हा एकदा संदर्भावरचे. पहिले व तिसरे वाचन जुळले, तर मधल्या वेळात प्रवाह बदलला नाही असे समजावे. किंचित फरक असेल तर दोहोंची सरासरी घ्यावी आणि बराच असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा एखादा चिमटा सैल आहे, असे समजून पुन्हा सुरुवात करावी.

मोजणारी टोके कुठे लावायची, यात बहुतेकांची चूक होते. कॉइलच्या टोकाची दोन इंच तार खरवडून स्वच्छ करावी. तिच्या अगदी बाहेरच्या कडेला प्रवाहाचा चिमटा लावावा आणि मीटरचे टोक त्या चिमट्याच्या आतल्या बाजूला, कॉइलकडे, उघड्या तांब्यावर टेकवावे. मीटरचे टोक चिमट्यावरच टेकवले तर चिमटा आणि तार यांच्यातला स्पर्शरोध पुन्हा मोजमापात शिरतो आणि चार तारांची सगळी खटपट वाया जाते. पारख करण्याची सोपी रीत अशी : मीटर तसाच धरून दुसऱ्या हाताने प्रवाहाचा चिमटा थोडा हलवावा. आकडा हलला नाही, तर जोडणी बरोबर आहे.

प्रत्यक्षातले एक वाचन देतो. खोलीचे तापमान ३१ अंश होते. संदर्भावर ७८४ मिलिव्होल्ट आणि कॉइलवर २९५ मिलिव्होल्ट आले. २९५ भागिले ७८४ म्हणजे ०.३७६, आणि संदर्भ एक ओहमचा असल्यामुळे कॉइलचा रोधही ०.३७६ ओहम. हिशेबातला आकडा ०.३५५ होता. हा फरक कुठून आला, याचे बरेचसे उत्तर तापमानात आहे.

तापमानाचा हिशेब खरोखरच एवढा महत्त्वाचा आहे का?

पुण्यात तर आहेच. जानेवारीतल्या पहाटे इथले तापमान १० अंशांच्या आसपास उतरते आणि एप्रिल-मेच्या दुपारी ४० ला टेकते. तांब्याचा रोध २० अंशांजवळ दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. त्यामुळे तीच कॉइल, तोच मीटर आणि तोच माणूस असूनही या दोन वेळांच्या वाचनांत बारा टक्क्यांचा फरक पडतो. हिवाळ्यात गुंडाळलेल्या आणि उन्हाळ्यात गुंडाळलेल्या कॉइलींची तुलना तापमान न लिहिता केली, तर चांगली कॉइल टाकून दिली जाण्याची पूर्ण शक्यता असते.

दुरुस्तीसाठी तांब्याचा ठरलेला आकडा २३४.५ आहे. मोजलेला रोध गुणिले २५४.५ (२३४.५ अधिक २०), भागिले (२३४.५ अधिक मोजतानाचे तापमान), असे केले की २० अंशांचा रोध मिळतो. वरच्या उदाहरणात ०.३७६३ गुणिले २५४.५ भागिले २६५.५, म्हणजे ०.३६१ ओहम. आता हिशेबाशी फरक पावणेदोन टक्क्यांचा उरला, आणि तो समजण्यासारखा आहे. तारेच्या व्यासात एक टक्क्याची तफावत कारखान्यातूनच येऊ शकते, आणि व्यासातला एक टक्का म्हणजे रोधात दोन टक्के. गुंडाळताना तार ताणली गेली तर ती लांब होते आणि बारीकही होते, म्हणजे दुहेरी परिणाम होतो. सरासरी वेढ्याची ३० सेंटिमीटर लांबीही शेवटी पट्टीने काढलेला अंदाजच असते.

तापमान हवेचे नव्हे, कॉइलचे हवे. कॉइल रात्रभर त्याच खोलीत ठेवून सकाळी मोजणे ही सर्वांत खात्रीची रीत आहे. हातात धरून मोजू नये. रेझिन ओतल्यानंतर ते घट्ट होताना स्वतःच तापते, म्हणून त्यानंतरचे वाचन निदान एक दिवसाने घ्यावे.

प्रवाह जास्त सोडला तर वाचन अधिक अचूक येईल ना?

व्होल्टेज जास्त येईल, पण कॉइल तापू लागेल. उदाहरणातल्या कॉइलमध्ये साधारण २५० ग्रॅम तांबे आहे. एक अँपिअरला तिच्यात ०.३५ वॅट उष्णता निर्माण होते आणि मिनिटाला तापमान जेमतेम ०.२ अंशाने चढते, म्हणजे रोधात एक दशांश टक्क्याहूनही कमी फरक पडतो. तोच प्रवाह पाच अँपिअर केला तर तापमान मिनिटाला पाच अंशांहून जास्त चढते आणि रोध दोन टक्क्यांनी सरकतो. म्हणजे आपण आकडा लिहून घेईपर्यंत तो बदललेला असतो. जाड तारेच्या कॉइलसाठी पाऊण ते एक अँपिअर हे माप मला सोयीचे वाटते. बारीक तारेच्या, दहा-वीस ओहमच्या कॉइलला इतका प्रवाह अजिबात सोडू नये. तिथे साधा मल्टिमीटर पुरेसा आहे.

एनॅमल कसे काढावे?

काही तारांवरचे एनॅमल तापलेल्या सोल्डरिंग गनच्या टोकाखाली जळून जाते आणि कथिल थेट धरते. मात्र मोटारीच्या वाइंडिंगसाठी मिळणाऱ्या जाड तारांवर बहुधा ते घडत नाही. तिथे पॉलिश पेपर तारेभोवती चिमटीत धरून, तार फिरवत फिरवत, सगळ्या बाजूंनी गुलाबी तांबे दिसेपर्यंत घासावे. ब्लेडने खरवडताना तारेला खाच पडते आणि पुढे ती नेमकी तिथेच तुटते. घासल्यावर लगेच कथिलाचा पातळ थर द्यावा, कारण पावसाळ्यात उघडे तांबे लवकर काळवंडते.

नऊपैकी एकाच कॉइलचा आकडा वेगळा आला. काय समजावे?

सगळ्या कॉइली एकाच रिळातल्या तारेच्या असतील, एकाच साच्यावर गुंडाळलेल्या असतील आणि एकाच बैठकीत मोजल्या असतील, तर त्यांच्यात एक टक्क्याच्या आतच फरक असायला हवा. अशा तुलनेत संदर्भ रेझिस्टर किती अचूक आहे हेही गौण ठरते, कारण तो सर्वांना सारखाच लागू होतो. एक वेढा म्हणजे सव्वा टक्का, हे माप मनात ठेवून आकडे वाचावेत.

माझ्या पहिल्या संचात आठ कॉइलींची वाचने २९४ ते २९६ मिलिव्होल्टमध्ये होती आणि एकीचे २८८ आले. मी आधी जोडणीला दोष दिला, मग मीटरला. टोके पुन्हा घासली, चिमटे बदलले, तरी २८८ काही हलेना. कमी पडलेले सात मिलिव्होल्ट म्हणजे २.४ टक्के, म्हणजे जवळपास दोन वेढे. कॉइल उलगडत मोजली तेव्हा ७८ वेढे निघाले. कारणही मग आठवले : ती कॉइल गुरुवारी गुंडाळत होतो, दुरुस्तीसाठी वीज गेली, अंधारात हात थांबला, आणि पुन्हा सुरू करताना तोंडाने चाललेली मोजणी दोनने पुढे सरकली. त्या दिवसापासून गुंडाळण्याच्या दांड्याला मी सायकलच्या मीटरसारखा, वेढे मोजणारा यांत्रिक गणक लावला आहे.

आतल्या आत एखादा वेढा दुसऱ्याला चिकटून शॉर्ट झाला असेल, तर रोधावरून कळते का?

रोध कमी झालेला दिसतो, पण कमी वेढे आणि शॉर्ट झालेला वेढा यांत फरक करता येत नाही, कारण दोन्हींमुळे आकडा तेवढाच उतरतो. परिणाम मात्र फार वेगळे असतात. कॉइलमध्ये आठ व्होल्ट निर्माण होत असतील, तर एका वेढ्यात ०.१ व्होल्ट असते. शॉर्ट झालेल्या त्या वेढ्याचा रोध ४.४ मिलिओहम असल्याने त्याच्यात बावीस अँपिअरच्या आसपास प्रवाह सतत फिरत राहतो, बाहेर काहीही जोडलेले नसले तरी. म्हणून संशयित कॉइलची टोके मोकळी ठेवून रोटर, म्हणजे चुंबकांची फिरती चकती, काही मिनिटे फिरवावा. टोके मोकळी असूनही कॉइल कोमट झाली आणि रोटर जड वाटू लागला, तर शॉर्ट आहे. बाकीच्या कॉइली त्या वेळी गारच राहतात.

एलसीआर मीटर किंवा बॅटरीचा अंतर्गत रोध मोजणारा मीटर वापरला तर चालेल का?

एलसीआर मीटर प्रेरकत्व, धारकता आणि रोध मोजतो. यातले बहुतेक मीटर एक किलोहर्ट्झच्या आसपासच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने मोजतात. आपल्या कॉइलचे प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) साधारण ०.८ मिलिहेन्री भरते आणि त्या वारंवारतेला तिचा प्रेरकीय अवरोध चार-पाच ओहम होतो, म्हणजे मोजायच्या रोधाच्या दहापटीहून अधिक. मीटर ते दोन्ही वेगळे करून दाखवत असला, तरी एवढ्या मोठ्या आकड्याच्या सावलीत लहान आकडा विश्वासाने वाचता येत नाही. मीटरवर थेट प्रवाहाने रोध मोजण्याची वेगळी सोय असेल तर ती जरूर वापरावी. चालू जनित्रात वारंवारता काही दहा हर्ट्झचीच असते. ५० हर्ट्झला तांब्यातली त्वचाखोली (प्रत्यावर्ती प्रवाह पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीत एकवटतो ती) नऊ मिलिमीटरहून जास्त असल्याने सव्वा मिलिमीटरच्या तारेला थेट प्रवाहाचा रोधच लागू पडतो.

स्टार किंवा डेल्टा जोडणी झाल्यावर एका फेजचा रोध कसा काढावा?

स्टारमध्ये दोन टोकांतला रोध दोन फेजांचा असतो, म्हणून त्याचा अर्धा घ्यावा. डेल्टामध्ये, म्हणजे तिन्ही फेज त्रिकोणात जोडल्यावर, दोन टोकांतला रोध एका फेजच्या दोन तृतीयांश दिसतो, म्हणून त्याला दीडने गुणावे. तिन्ही जोड्यांची वाचने घ्यावीत. डेल्टामध्ये एका फेजची तार तुटलेली असेल तरीही प्रत्येक जोडीला काही ना काही आकडा येतोच, आणि तिन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ती तूट लक्षात येत नाही.

रोध मोजताना आकडा सारखा नाचतो. कारण काय असावे?

बहुधा रोटर बसवलेला असतो आणि तो वाऱ्याने किंवा हाताच्या धक्क्याने हलत असतो. चुंबके हलली की कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होणारच. रोटर दोरीने बांधून ठेवावा. लोखंडी गाभ्याच्या जुन्या मोटारीपासून जनित्र केले असेल, तर प्रवाह स्थिरावायला थोडा वेळ लागतो, आणि जोडणी तोडताना उलट व्होल्टेजचा झटका बसतो. तेव्हा आधी मीटर काढावा, मग प्रवाह तोडावा.

चालू जनित्राची कॉइल आतून किती तापली, हे रोधावरून काढता येते का?

येते, आणि मला ही पद्धत थर्मामीटरपेक्षा अधिक भरवशाची वाटते, कारण रेझिनच्या वरून लावलेला थर्मामीटर आतल्या तांब्याचे तापमान सांगत नाही. समजा, सकाळी २८ अंशांना एका फेजचा रोध १.११६ ओहम होता, आणि तासभर भार देऊन थांबवल्यावर तो १.३६ ओहम आला. गरम रोध भागिले थंड रोध हे गुणोत्तर १.२१९ होते, त्याला २६२.५ ने (२३४.५ अधिक २८) गुणून २३४.५ वजा केले की ८५ अंश येतात. हे संपूर्ण फेजचे सरासरी तापमान आहे. मधोमध दाबल्या गेलेल्या वेढ्यांचे त्याहून जास्त असणार. नेहमीच्या प्रतीची निओडिमियम चुंबके ८० अंशांपर्यंतच सुरक्षित मानली जातात आणि ती या कॉइलींपासून काही मिलिमीटरवरच फिरत असतात, हे विसरू नये.

अट एवढीच, की मोजण्याची जोडणी आधीच तयार असावी. रोटर थांबल्यानंतर पहिले वाचन अर्ध्या मिनिटाच्या आत घ्यावे, मग दर अर्ध्या मिनिटाला चार-पाच वाचने लिहावीत आणि आलेखाची रेघ मागे ओढून थांबण्याच्या क्षणाचा आकडा काढावा.

विकत घेतलेली तार तांब्याचीच आहे, याची खात्री कशी करावी?

वर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते आणि एनॅमलखाली ती सहज ओळखू येत नाही. ॲल्युमिनियमचा रोध त्याच मापाच्या तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, त्यामुळे हिशेबापेक्षा रोध पन्नास-साठ टक्के जास्त आला तर वेढे मोजत बसू नये, तारेवरच संशय घ्यावा. वजनाने तर लगेच कळते : १८ गेजची दहा मीटर तांब्याची तार शंभर ग्रॅमहून थोडी जास्त भरते, ॲल्युमिनियमची जेमतेम तीस-बत्तीस ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरेसा आहे.

हे सामान पुण्यात कुठे मिळेल, आणि मोजमाप पडताळून कुठे घेता येईल?

रेझिस्टर, चिमटे आणि मीटर यांसाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आणि विजेच्या इतर सामानासाठी तपकीर गल्ली, ही नेहमीची ठिकाणे आहेत. वाइंडिंगची तार किलोवर विकली जाते. नऊ कॉइलींना सव्वादोन किलो तांबे लागते, तेव्हा टोकांची आणि चुकलेल्या कॉइलीची सोय धरून तीन किलोचे एकच रीळ घ्यावे. दोन वेगवेगळ्या रिळांची तार आणली तर वर सांगितलेली तुलना लंगडी पडते. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जुनी मोजमापाची उपकरणे कधीकधी हाती लागतात, पण ती शोभेची धरावीत.

पडताळणीसाठी अभियांत्रिकी किंवा पदविका महाविद्यालयाच्या विद्युत प्रयोगशाळेत केल्विनचा दुहेरी सेतू बहुधा असतो; ओळखीच्या प्राध्यापकांना विनंती करून आपला एक ओहमचा संदर्भ रेझिस्टर तिथे एकदा मोजून घ्यावा. कॉइल नेण्याची गरज नाही. संदर्भाचा आलेला आकडा, समजा ०.९९६ ओहम, एका चिठ्ठीवर लिहून ती त्या रेझिस्टरलाच चिकटवावी आणि इथून पुढे प्रत्येक गुणोत्तराला त्या आकड्याने गुणावे.